सुट्टे आहेत का? रोखीने बसचं भाडं भरणाऱ्या नवख्यांसाठी

नव्या शहरात आलेल्या माणसाला बसचा नंबर सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठल्या थांब्यावर उभं राहायचं, कुठे उतरायचं, हेही कुणी ना कुणी सांगतं. चढताना हातात कोणती नोट असावी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि पहिल्या दिवशी अडतं ते तिथेच. एटीएममधून नुकतीच काढलेली मोठी नोट पुढे केली की समोरून विचारणा होते, "सुट्टे नाहीत का?" मागे माणसं खोळंबलेली असतात, बस हलायला लागलेली असते, आणि खिशात पैसे असून नसल्यासारखे होतात.

हा लेख अशा प्रवाशासाठी आहे. शहर कोणतंही असो, देश कोणताही असो. कार्ड अजून हातात आलेलं नाही, फोनवरून पैसे भरायची सोय झालेली नाही, किंवा रोखीचा व्यवहारच बरा वाटतो. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर उभं आहे: सुट्ट्यांची सोय बसबाहेर करायची असते. बसमध्ये चढल्यावर एक तर विनवणी करावी लागते, नाहीतर नुकसान सोसावं लागतं.

आधी हे शोधा: या बसमध्ये पैसे घेतं कोण?

रोख भाडं घ्यायच्या पद्धती जगभर मोजक्याच आहेत. आपल्या बसमध्ये कोणती चालते हे कळलं की निम्मं काम झालं.

भारतातल्या बहुतेक सरकारी बसमध्ये किंवा केनियातल्या मातातूंमध्ये, म्हणजे तिथल्या खासगी छोट्या बसमध्ये, कंडक्टर असतो. तो उरलेले पैसे परत देतो, पण त्याच्याजवळ मोड असेल तर. दुसऱ्या पद्धतीत चालकच पैसे घेतो, तिकीट देतो आणि मोडही देतो. लहान गावांच्या मार्गांवर हे अजून दिसतं. तिसरी पद्धत पेटीची. दारापाशी भाड्याची पेटी असते, त्यात नेमकी रक्कम टाकायची आणि पुढे सरकायचं. जास्त टाकलं तर परत काही मिळत नाही. हाँगकाँग, सिंगापूर, एडिंबरा आणि अमेरिकेतली बहुतेक मोठी शहरं या पद्धतीची आहेत. जपानमध्ये याच पेटीला मोड देणारं यंत्र जोडलेलं असतं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आणि काही शहरांत बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. लंडनच्या बसनी ६ जुलै २०१४ पासून रोख घेणं बंद केलं, स्टॉकहोमने त्याच्याही आधी, २००७ मध्ये.

हे शोधायला फार खटपट लागत नाही. बस कंपनीच्या संकेतस्थळावर भाड्याचं पान असतं, तिथे 'नेमकी रक्कम' किंवा 'सुट्टे मिळणार नाहीत' अशा अर्थाचं वाक्य शोधा. थांब्यावरच्या फलकावर आणि दाराशेजारच्या काचेवरही ते लिहिलेलं असतं. काहीच सापडलं नाही, तर रांगेतल्या माणसाला विचारा. पहिल्या दिवशी रांगेत दुसरं किंवा तिसरं उभं राहावं, म्हणजे पुढचा माणूस काय करतो ते पाहायला मिळतं. पैसे चढताना द्यायचे की उतरताना, पुढच्या दाराने चढायचं की मागच्या, हे पाहूनच सगळ्यात लवकर कळतं.

भाडं नेमकं किती, हेही आधीच माहीत करून घ्या. काही ठिकाणी कुठेही जा, भाडं एकच. काही ठिकाणी ते अंतराप्रमाणे, टप्प्याटप्प्याने वाढतं. एकच भाडं असेल तर रोजची रक्कम आयती ठरते. टप्प्यांचं असेल तर जायचं आणि यायचं अशी दोन्ही भाडी लिहून ठेवा, कारण वाट थोडी वेगळी असली की दोन्हींत फरक पडू शकतो. सवलतीच्या आणि अर्ध्या तिकिटांची रक्कमही विचारून घ्या. विषम आकड्याचं निम्मं कुठे वर धरतात, कुठे खाली, आणि नेमकं तिथेच एखादं नाणं कमी पडतं.

कंडक्टरकडे मोड का नसते

हे समजून घेतलं की त्याच्याशी बोलायची रीतच बदलते, म्हणून इथे जरा थांबतो.

कंडक्टर कामावर निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत सुट्टे फार थोडे असतात. दिवसभराची मोड प्रवाशांकडूनच जमते. सकाळच्या पहिल्या फेरीत चढणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातात एटीएमची मोठी नोट असते. एटीएममध्ये नोटांना जागा मर्यादित असते, त्यामुळे भरणारे मोठ्या नोटा जास्त भरतात. म्हणजे मोड सगळ्यात कमी असते त्याच वेळी ती मागणारे सगळ्यात जास्त. दुपारपर्यंत पिशवी चिल्लरीने भरते. मग ड्यूटी बदलते, जुना कंडक्टर जमा रकमेचा भरणा करतो, नवा पुन्हा रिकाम्या पिशवीने सुरुवात करतो. फिलिपिन्समधल्या जीपनी नावाच्या छोट्या प्रवासी गाड्यांत 'सकाळी कृपया सुट्टेच द्या' अशा अर्थाची पाटी असते, तिचं कारण हेच.

दुसरी गोष्ट हिशोबाची. भारतातल्या राज्य परिवहन सेवांत कंडक्टरला ड्यूटी सुरू करताना स्वतःच्या खिशातली रक्कम नोंदवावी लागते. ड्यूटी संपली की विकलेली तिकिटं आणि पिशवीतले पैसे जुळावे लागतात. तपासणी पथक वाटेत कधीही चढून पिशवी मोजू शकतं. पैसे कमी निघाले तर ते त्याच्या अंगावर येतात, आणि जास्त निघाले तरी त्याला जाब द्यावा लागतो. "दोनच तर कमी आहेत, जाऊ द्या ना" हे आपल्याला सोपं वाटतं, त्याला ते भरून द्यावं लागतं. आणि आपली बाकी त्याच्याकडे राहून गेली, तर ती त्याच्या हिशोबात जास्तीची रक्कम म्हणून दिसते. तेव्हा उरलेले पैसे मागण्यात संकोच धरू नका. ते तुमचे आहेत, आणि परत गेले तर त्याचाही हिशोब सरळ राहतो.

आठ नगांची पुडी

बससाठी वेगळं छोटं पाकीट ठेवा. मोठ्या पाकिटातून शोधाशोध करायला वेळ जातो, आणि गर्दीत सगळे पैसे उघडे करणं धोक्याचंही आहे. या पाकिटात काय असावं, याचं गणित मी मनापासून सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीची धावपळ थांबते.

भारतासह पुष्कळ देशांच्या चलनात नाणी आणि नोटा १, २, ५ आणि मग १०, २०, ५० अशा चढत जातात. यातली १, २, २ आणि ५ एवढी चार नाणी घ्या. त्यांतून १ ते १० मधली प्रत्येक रक्कम देता येते: तीन म्हणजे १ आणि २, चार म्हणजे २ आणि २, आठ म्हणजे ५, २ आणि १. जोडीला १०, २०, २० आणि ५० ठेवा. झाले एकूण आठ नग, आणि १ पासून ११० पर्यंतची कोणतीही रक्कम एकही पैसा परत न घेता देता येते. कागद घेऊन पडताळून पाहा.

अमेरिकेत नाण्यांची मांडणी वेगळी आहे: ५, १० आणि २५ सेंट. तिथे २५ ची तीन, १० ची दोन आणि ५ चं एक नाणं ठेवलं, तर ५ ते १०० सेंटमधली पाचाच्या पटीतली प्रत्येक रक्कम होते. न्यूयॉर्कच्या बसमधल्या पेटीत वर्षानुवर्षं फक्त नाणी चालत आली, नोट नाही आणि एका सेंटचं नाणंही नाही, त्यामुळे तिथे २५ सेंटच्या नाण्यांची वेगळी थैली बाळगणारे लोक पुष्कळ.

भाडं ठरलेलं असेल तर याहून सोपी युक्ती आहे. आठवड्याची भाडी रविवारी रात्री मोजून छोट्या पुड्यांत भरून ठेवा. जायची एक, यायची एक. सकाळच्या घाईत फक्त पुडी उचलायची. आणि एक जास्तीची पुडी पाकिटाच्या तळाशी कायम असू द्या, चुकीची बस पकडली तर परत येण्यासाठी.

रात्रीच्या बसमध्ये उजेड कमी असतो, म्हणून नाणी बोटांनी ओळखायला शिका. युरोची नाणी आकाराने तर वेगळी आहेतच, शिवाय त्यांच्या कडाही मुद्दाम निरनिराळ्या ठेवल्या आहेत: कुठे गुळगुळीत, कुठे खाचा. नव्या देशात गेल्यावर पहिल्या संध्याकाळी सगळी नाणी टेबलावर मांडून डोळे मिटून ओळखायचा सराव करावा. कमी दिसणाऱ्या माणसासाठी तर हा सराव आवश्यकच आहे.

मोड कुठे करायची

नियम एकच: दुकानात मोठी नोट द्या, बससाठी छोटी राखा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. दुकानात हाताशी आलेली चिल्लर खर्चून टाकतो आणि मोठी नोट घेऊन थांब्यावर येतो.

ज्या दुकानात दिवसभर छोटी छोटी खरेदी होते, तिथे मोड असते. सकाळी दुकान उघडताच जाऊ नका, तेव्हा त्यांचाही गल्ला रिकामाच असतो. संध्याकाळी जा. काहीही न घेता नोट मोडून मागितली तर नकार मिळायची शक्यता जास्त. तसंही लागणारं काहीतरी घ्या आणि पैसे देताना सांगा, "उरलेले सुट्ट्यात देता का, बसला लागतात." बहुतेक दुकानदार समजून घेतात.

दुसरी जागा बँक. भारतात सर्व मूल्यांच्या चांगल्या नोटा आणि नाणी मागणीप्रमाणे देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने सगळ्या शाखांना दिलेल्या आहेत. इतर देशांतही खातेदाराला काउंटरवर नाण्यांची गुंडाळी मिळू शकते. ती एकदा आणली की बरेच दिवस चिंता नाही. तिसरी जागा म्हणजे रेल्वे किंवा मेट्रो स्थानकावरची तिकीट यंत्रं, जी रोख घेतात आणि सुट्टे परत देतात. तिकीट काढायचंच असेल तर तिथे मोठी नोट वापरा.

घरी आल्यावर दिवसभराच्या खिशांतली चिल्लर बसच्या पाकिटात टाकायची सवय लावून घ्या. चार-पाच दिवसांत पाकीट आपोआप भरतं.

कंडक्टर असलेल्या बसमध्ये

बस थांब्याला लागण्याआधी पैसे मुठीत घ्या. चढल्यावर दांडा धरायला एक हात लागतोच, पाकीट उघडायला दोन लागतात, आणि बस हलली की नाणी खाली सांडतात.

कंडक्टर जवळ आला की एका दमात तीन गोष्टी सांगा: कुठे जायचं, किती माणसं, किती पैसे देताय. "बाजार थांबा, दोन, पन्नास दिलेत." रक्कम तोंडाने बोलून दाखवल्यामुळे नंतर "वीसच दिले होते" असा वाद उरत नाही. गर्दीत पैसे हातोहात पुढे पाठवले जातात, तेव्हा तर हे मोठ्याने बोलायलाच हवं. फिलिपिन्समधल्या जीपनींमध्ये सगळा व्यवहारच असा चालतो. मागे बसलेल्याचं भाडं चार-पाच हातांतून चालकाकडे जातं आणि उरलेले पैसे त्याच वाटेने परत येतात. अनोळखी माणसांच्या हातून आपले पैसे बिनचूक परत येतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

मोठी नोट असेल तर ती तिकीट फाडण्याआधी दाखवा. या पायरीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. "पाचशेची आहे, होतील का सुट्टे?" असं आधी विचारलं तर तो "पुढे बघू" म्हणेल, किंवा "बसा, मोड झाली की देतो" म्हणेल, किंवा सरळ नाही म्हणेल, आणि मग पुढच्या थांब्यावर उतरायचा मार्ग मोकळा राहतो. तिकीट छापून बाहेर आलं की ती रक्कम त्याच्या खात्यावर चढलेली असते. त्यानंतर मोठी नोट पुढे केली तर तो चिडतो, आणि त्याचं चिडणं चुकीचं नसतं.

आता एक जुनी आणि उत्तम युक्ती: वरचे पैसे देणं. तिकीट १७ चं आहे आणि तुमच्याकडे ५० ची नोट आहे. नुसती ५० दिली तर त्याला ३३ परत द्यावे लागतात, म्हणजे किमान चार नग: २०, १०, २ आणि १. तुम्ही ५० वर २ दिलेत, तर त्याला ३५ द्यायचे, तीन नग: २०, १० आणि ५. तुमच्याकडे २० आणि २ असतील तर आणखी सोपं. २२ द्या, ५ चं एक नाणं परत घ्या. कंडक्टर "दोन आहेत का वरचे?" असं विचारतो ते याचसाठी. त्याने विचारायच्या आधीच तुम्ही दिलेत, तर दोघांचाही वेळ वाचतो. परत येणारी रक्कम कमीत कमी नगांत कशी बसेल, एवढाच विचार करायचा.

कधी कधी दोन अनोळखी प्रवाशांची बाकी मिळून एक नोट होते, आणि कंडक्टर म्हणतो, "दोघं मिळून शंभर घ्या, खाली उतरून वाटून घ्या." दोघं एकाच थांब्यावर उतरणार असाल तरच हो म्हणा. वेगळ्या थांब्यांवर उतरणार असाल तर नम्रपणे नकार द्या. ज्याच्या हातात नोट येते त्याच्यावर दुसऱ्याचे पैसे सांभाळायची जबाबदारी येते, आणि उतरायच्या गडबडीत कुणीतरी एक जण मागे राहतो.

बाकी राहिली तर

मोड नसली की भारतातले कंडक्टर पुष्कळदा तिकिटाच्या मागे परत द्यायची रक्कम पेनने लिहून देतात. ही सोय चांगली आहे, पण ती जपावी लागते.

लिहिलेला आकडा तिथल्या तिथे वाचा. अक्षर लागत नसेल तर विचारा. तिकीट वरच्या खिशात किंवा मुठीत ठेवा, कारण आता ते तिकीट आणि पावती दोन्ही आहे. बसमध्ये पुढे नवे प्रवासी चढतात, त्यांच्याकडून सुट्टे येतात, त्यावर नजर असू द्या. उतरायच्या दोन थांबे आधी कंडक्टरकडे जाऊन आठवण करा. दारात उभं राहून, बस थांबलेली असताना मागू नका. तेव्हा त्याला पिशवीत हात घालायलाही सवड नसते, मागचे लोक ढकलत असतात, आणि तुम्ही "राहू द्या" म्हणून उतरता. लांबच्या प्रवासात मध्येच कंडक्टर बदलतात. तो बदलायच्या ठिकाणाआधीच बाकी घ्या. नव्या माणसाच्या पिशवीत तुमचे पैसे नसतात.

बाकी सोडून द्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. स्वखुशीने सोडली तर गोष्ट वेगळी. पण रोजच्या प्रवाशाची छोटी बाकी रोज राहत असेल तर महिन्याअखेर ती लक्षात येण्याइतकी होते, आणि कमी कमाईच्या माणसाला ती नक्कीच जाणवते. म्हणून मागावी. आवाज न चढवता, पण मागावी.

पेटीची बस

इथे बोलाचालीला वावच नाही. पेटीत पडलं ते गेलं.

चालकाच्या हातून पैशांचा व्यवहार काढून घेण्यामागे कठोर कारण होतं. अमेरिकेत पूर्वी चालक कमरेला नाण्यांच्या नळ्यांचं यंत्र लावत आणि खटका दाबून मोड देत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चालकांना लुटायचे प्रकार वाढले, हल्ले झाले, आणि १९६८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका चालकाचा खून झाल्यावर तिथे नेमक्या भाड्याची पद्धत आली. मग ती एकामागून एका शहरात पसरली. चालकाजवळ मोड नसणं हे त्याच्या जिवाचं संरक्षण आहे. तेव्हा पेटीच्या बसमध्ये चालकाला मोड मागत बसू नका, त्याच्याकडे ती खरोखरच नसते.

नोट टाकण्याआधी पेटीवर काय लिहिलं आहे ते पाहा: कोणत्या नोटा, कोणती नाणी. नोट यंत्रात सरकवायची असेल तर ती सपाट करून, कोपरे सरळ करून घ्या. दुमडलेली नोट यंत्र बाहेर फेकतं. नाणी एकेक करून टाका, मूठभर एकदम ओतली तर पेटी अडते. रक्कम पडद्यावर दिसते तिथे ती दिसेपर्यंत थांबा. जुन्या पेट्यांना काच असते, ती चालकाला आणि प्रवाशाला दोघांनाही पडलेली नाणी दिसावीत म्हणून. अशी काचेची पेटी घडवणारे टॉम जॉन्सन पुढे क्लीव्हलंड शहराचे महापौर झाले.

नेमकी रक्कम नाहीच, तर काय करायचं? अमेरिकेतल्या काही शहरांत पेटी जास्तीच्या रकमेचं कार्ड काढून देते, ते पुढच्या प्रवासाला चालतं. डब्लिनमध्ये बरीच वर्षं जास्तीच्या रकमेची पावती मिळत असे आणि ती कंपनीच्या कार्यालयात नेऊन पैसे परत घेता येत. तुमच्या शहरात असं काही आहे का, हे चढण्याआधी पाहा. नसेल तर थांब्यावरच, बस यायच्या आधी, शेजारच्या माणसाला मोड विचारा. बस समोर येऊन उभी राहिल्यावर कुणालाच पाकीट उघडायला वेळ नसतो. तेही जमलं नाही तर ही बस जाऊ द्या आणि जवळच्या दुकानातून मोड करून या. अनेकदा दोन भाड्यांइतके पैसे पेटीत टाकण्यापेक्षा थोडा वेळ थांबणं परवडतं.

दोघं-तिघं बरोबर असाल तर सगळ्यांची भाडी एकत्र करून पाहा. एकट्याचं नेमकं भाडं जमत नसलं तरी तिघांचं मिळून जमू शकतं. चालकाला आधी "तिघांचे" असं सांगून मगच टाका.

जपानमधल्या बस

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, म्हणून क्रम नीट लिहितो. अंतराप्रमाणे भाडं असलेल्या बसमध्ये बहुधा मागच्या किंवा मधल्या दाराने चढायचं असतं. चढताना यंत्रातून नंबराची छोटी चिठ्ठी घ्या. पुढे चालकाच्या वर पडद्यावर नंबरांचा तक्ता असतो आणि तुमच्या नंबरखालचं भाडं थांब्यागणिक बदलत जातं. उतरायच्या आधी तक्त्यावरची रक्कम पाहा. तेवढे सुट्टे नसतील तर पेटीला जोडलेल्या यंत्रात १००० येनची नोट किंवा मोठं नाणं घाला, पूर्ण रकमेची नाणी बाहेर येतात. ही मोड झाली, भाडं अजून भरलेलं नाही. त्या नाण्यांतून भाड्याची नेमकी रक्कम मोजा आणि चिठ्ठीसह पेटीत टाका. मोड करून घेतलेली सगळी नाणी तशीच पेटीत ओतायची नाहीत.

बहुतेक यंत्रं १००० येनहून मोठी नोट घेत नाहीत, म्हणून ५००० किंवा १०००० ची नोट आधीच मोडून घ्या. मोड करायचं काम बस थांब्यावर किंवा सिग्नलला उभी असताना करा, उतरायची रांग लागण्याआधी. एकाच भाड्याच्या बसमध्ये रीत वेगळी असू शकते. टोकियोच्या मध्यभागातल्या शहर बसमध्ये पुढून चढतानाच भाडं देतात, क्योटोत मागून चढून उतरताना देतात.

नाणी घेत नाहीत म्हणतात तेव्हा

एखादं नाणं चालत नाही अशी अफवा पसरली की त्याचा पहिला फटका बसमध्ये बसतो. भारतात दहा रुपयांच्या नाण्याचं असं झालं, आणि जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की तोवर काढलेल्या चौदाही नमुन्यांची दहाची नाणी वैध आहेत. भारतीय नाणे कायदा, २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. युरोच्या देशांत एका व्यवहारात पन्नासपेक्षा जास्त नाणी घ्यायचं कुणावर बंधन नाही. ब्रिटनमध्ये एक आणि दोन पेनीची नाणी वीस पेन्सपर्यंतच वैध चलन म्हणून धरली जातात.

कायदा माहीत असावा, पण दारात उभं राहून तो सुनावू नये. चलन वैध आहे याचा अर्थ समोरच्याने तुम्हाला मोड दिलीच पाहिजे असा होत नाही. नाणं नाकारलं तर शांतपणे दुसरं द्या आणि नंतर बसचा नंबर, वेळ आणि मार्ग लिहून तक्रार करा.

काही देशांत सगळ्यात लहान नाणी व्यवहारातून गेली आहेत. ऑस्ट्रेलियाने एक आणि दोन सेंटची नाणी १९९२ पासून चलनातून काढली. कॅनडाने २०१३ पासून एक सेंटची नाणी वाटणं थांबवलं आणि रोखीचे व्यवहार पाच सेंटच्या जवळच्या पटीत होऊ लागले. अशा देशांत घरी सापडलेली जुनी बारीक नाणी बसच्या पाकिटात भरू नका.

मुलं आणि घरातली वडील माणसं

शाळेत एकट्याने जाणाऱ्या मुलाला मोठी नोट देऊ नका. नेमकं भाडं एका खिशात, परतीचं दुसऱ्या खिशात, आणि एक जादा भाडं दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा. "बाकी राहिली तर कंडक्टर काकांना दोन थांबे आधी सांगायचं" हे घरी एकदा नाटक करून शिकवा. मुलं मोठ्यांसमोर गप्प बसतात आणि बाकी बुडते.

आई-वडील नव्या शहरात तुमच्याकडे राहायला आले असतील, तर त्यांच्यासाठी पुडीवर मोठ्या अक्षरांत मार्ग आणि रक्कम लिहून द्या. सवलतीच्या तिकिटासाठी ओळखपत्र लागतं, तेही त्याच पाकिटात असू द्या.

रोख बंद असलेल्या शहरात उतरलात तर

तिथे विमानतळावर किंवा स्थानकावरच प्रवास कार्ड घ्या. पुष्कळ ठिकाणी त्यात रोख पैसे भरता येतात, म्हणजे बँकेचं कार्ड नसलं तरी अडत नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ पासून चालणारं ऑक्टोपस कार्ड दुकानांतही रोखीने भरता येतं. बसमध्ये रोख चालते तिथेही असं एक कार्ड थोडे पैसे भरून जवळ असावं. लंडनने रोख बंद करताना ऑयस्टर या तिथल्या प्रवास कार्डात पैसे कमी असले तरी आणखी एक बसप्रवास करू द्यायची सोय ठेवली. तुमच्या शहरातल्या कार्डाला अशी सवलत आहे का, हे कार्ड घेतानाच काउंटरवर विचारून घ्या.

आणि शेवटच्या बसचं भाडं मात्र नेहमी वेगळं, नेमकं आणि सुट्ट्यात ठेवा. रात्री मोड देणारी दुकानं बंद झालेली असतात, आणि ही बस गेली तर मागून दुसरी येणार नसते.